आदिलाबादच्या वाटेवर

नोव्हेंबर महिना लागला की आपल्या ख्रिस्ती घरांतून दिवंगतांची आठवण आपोआप जागी होते. कबरींवरचे गवत उपटले जाते, चुन्याचा हात फिरतो, झेंडूच्या माळा आणि मेणबत्त्या घेऊन लहानथोर दफनभूमीकडे निघतात. 2025 सालच्या नोव्हेंबरात मात्र आमच्या वडिलांच्या कबरीवर मेणबत्ती लावण्याचे काम आम्ही आईकडे सोपवले आणि आम्ही तिघे भावंडे रात्रीच्या गाडीने आदिलाबादला निघालो. बापाला जाऊन वर्ष झाले नाही तोच, पहिल्याच मृतभक्तांच्या दिवशी, ही मुले त्याची कबर सोडून परमुलखात कशाला चालली, असे काहींना वाटले असेल. वाटणे स्वाभाविक होते. आमच्या जाण्याचे कारण एका जुन्या वहीत होते, आणि त्या वहीची हकीकत सांगितल्यावाचून ह्या प्रवासाचा अर्थ वाचकांना कळायचा नाही.

बाबा गेले ते राखेच्या बुधवारानंतरच्या आठवड्यात. वयाला त्र्याऐंशी वर्षे पुरी झाली होती. अंत्यअभ्यंग मिळाले होते, सर्व मुले उशाशी होती. लौकिक अर्थाने ते भाग्याचे मरण होते. पण खरे सांगायचे तर त्याआधीची पाच वर्षे आम्ही बाबांना थोडे थोडे गमावीतच आलो होतो. त्यांची स्मृती ओसरत चालली होती. प्रथम ते रस्ते विसरले, मग वार आणि महिने, मग नातवंडांची नावे, आणि शेवटी आमची. ज्या ताईला त्यांनी खांद्यावर घेऊन वाढवले, तिला ते 'बाई, आपण कोणाकडच्या?' असे अदबीने विचारीत, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुशी. त्यांच्या ओठांवर उरली होती ती आम्हांला अनोळखी असलेली काही नावे. मध्यरात्री ते उठून बसत आणि 'कंदील कुठे आहे? लच्चूचा पोरगा तापाने फणफणला आहे,' असे म्हणत दाराकडे निघत. हा लच्चू कोण, हे आम्हांला ठाऊक नव्हते.

आमच्या धाकट्या भावाच्या मनाला हे फार लागले. एके रात्री बाबांना बिछान्यावर परत निजवून आल्यावर तो म्हणाला, "जो माणूस स्वतःच्या लेकरांना ओळखत नाही, त्याचे मागे उरले तरी काय? आणि जे उरलेच नाही, ते देव उठवणार कुठून?" आम्हां दोघांजवळ उत्तर नव्हते. पुढे त्याने मिस्सेला येणे सोडले. दफनविधीच्या दिवशीही त्याने पेटीला खांदा दिला, पण मिस्सा संपेपर्यंत तो चर्चच्या पायऱ्यांवर बसून राहिला. त्याला कोणी बोलले नाही. दुःखात माणूस देवावर रुसतो, आणि असे रुसणारी माणसे पवित्र शास्त्रातही पुष्कळ आहेत.

उन्हाळ्यात आम्ही बाबांची पत्र्याची ट्रंक उघडली. तीत स्नानसंस्काराचा दाखला, कंपाउंडरच्या परीक्षेचे प्रमाणपत्र आणि एक तुटलेली जपमाळ होती. आणि सर्वांच्या तळाशी, मेणकापडात गुंडाळलेली ती वही. पहिल्या पानावर एकच शब्द लिहिला होता: 'ह्यांच्यासाठी'. पुढे ओळीने नावे. प्रत्येक नावापुढे तारीख आणि दोन शब्द: हिवताप, पटकी, बाळंतपण, सर्पदंश. 1967 पासून 1979 पर्यंत एकशे सात नावे होती. आत्राम, मेसराम, पेंदोर, सिडाम अशी गोंड कुळांची आडनावे. ख्रिस्ती नाव विरळाच. आणि शेवटच्या पानांवर दर वर्षीच्या नोव्हेंबर महिन्याची नोंद: 'मिस्सा सांगितली'. ही नोंद 2018 पर्यंत अखंड चालत आली होती. पुढे अक्षर थरथरते आणि थांबते. त्या यादीत लच्चूच्या मुलाचे नाव होते. बाबांच्या हातून तो वाचला नव्हता.

बाबांनी तरुणपणी आदिलाबाद जिल्ह्यात नोकरी केली, एवढेच आम्ही ऐकून होतो. आमचे मूळ घराणे मराठवाड्यातले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेल्सच्या संत फ्रान्सिसच्या संघाचे धर्मगुरू घोगरगावी आले, त्या मिशनच्या छायेत आमचे आजे-पणजे ख्रिस्ती झाले. 1962 साली चांदा मिशनची स्थापना होऊन ते केरळातून आलेल्या सी. एम. आय. संघाच्या धर्मगुरूंच्या हाती देण्यात आले. ह्या नव्या धर्मगुरूंना मराठी समजणाऱ्या, खेड्यापाड्यांत राहू शकणाऱ्या माणसांची गरज होती. बाबा कंपाउंडरची परीक्षा देऊन मोकळे झाले होते. ते पंचवीस वर्षांचे असताना उटनूरकडील एका खेड्यात, कुडाच्या भिंतींच्या लहानशा दवाखान्यात कामाला राहिले, आणि बारा वर्षे राहिले. ताईचा जन्म तिथलाच. ती पाच वर्षांची असताना आजीच्या आजारपणामुळे त्यांना गावी परतावे लागले. त्या दिवसांविषयी ते घरात कधी विस्ताराने बोलले नाहीत. जो माणूस पुष्कळ मरणे पाहतो तो पुष्कळ बोलत नाही.

ती वही जिथे लिहिली गेली तिथे ती एकदा न्यावी, आणि मृतभक्तांच्या दिवशी त्या नावांसाठी तिथेच मिस्सा सांगावी, असा विचार ताईने काढला. धाकटा म्हणाला, "मी सोबत येतो, मिस्सेचे नंतर पाहू." निघताना आईने मेणबत्त्यांचा एक पुडा ताईच्या पिशवीत घातला.

नंदिग्राम एक्सप्रेस नांदेड व मुदखेड मागे टाकून भोकर, हिमायतनगरच्या बाजूला वळली की मुलुख बदलू लागतो. सहस्रकुंडाच्या पुढे सागाची राने सुरू होतात. किनवट सोडले आणि स्थानकांच्या पाट्यांवर तेलुगू अक्षरे आली. पण डब्यातली बोली मात्र पालटली नाही. बायाबापड्या मराठीच बोलत होत्या. त्याला कारण आहे. जुन्या हैदराबाद संस्थानात किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते; 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा ते मराठी मुलखात आले आणि बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. 2014 साली तो तेलंगणात आला, आणि 2016 साली त्याचेच चार जिल्हे झाले. उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेला गोदावरी, मध्ये डोंगर, साग आणि काळीभोर जमीन. नकाशावरच्या रेघा कितीदा पुसल्या गेल्या, तरी आदिलाबादच्या बाजारात मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी ह्या चारही भाषा आजही एकाच ओट्यावर ऐकू येतात. आम्ही उतरलो तो दिवस 1 नोव्हेंबर, सर्व संतांचा सण. कापसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता, आणि गावात शिरणाऱ्या गाड्यांमधून पांढरे पुंजके वाऱ्यावर उडत होते.

भाड्याची गाडी करून आम्ही गुडीहतनूरमार्गे इंद्रवेल्लीला आलो. येथे एक उंच स्मारकस्तंभ आहे. 20 एप्रिल 1981 रोजी जमिनीच्या हक्कांसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांचा गोळीबार झाला. सरकारी आकड्याप्रमाणे तेरा माणसे मेली. लोक याहून पुष्कळ अधिक सांगतात. बाबा तेव्हा ह्या मुलखात नव्हते. पण वहीत, एकशे सात नावांच्या खाली, वेगळ्या शाईने त्यांनी एक ओळ वाढवली होती: 'इंद्रवेल्ली, 20 एप्रिल 1981. ज्यांची नावे मला ठाऊक नाहीत ते.' ती ओळ आम्ही घरी अनेकदा वाचली होती. स्तंभासमोर उभे राहून वाचली तेव्हा तिचा अर्थ उमगला. बाबांना ठाऊक नसलेली ती नावे दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक आहेत, असा ह्या ओळीमागे भरवसा होता. नाहीतर ती कोणी कशाला लिहील?

तेथून जवळच केस्लापूर. पौषी अमावास्येला इथे नागोबाची मोठी यात्रा भरते. मेसराम कुळाची माणसे अनवाणी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि त्याने देवाला स्नान घालतात. त्याच दिवसांत ते आपल्या कुळातील मृतांसाठीही विधी करतात. आपली श्रद्धा निराळी आहे. पण मेलेला माणूस आपल्यातून पुरता वजा होत नाही, त्याचे आपल्याकडे आणि आपले त्याच्याकडे काही देणे उरते, ही जाणीव ह्या डोंगरातल्या माणसांनाही किती खोलवर आहे हे पाहून मन नम्र झाले. बाबांनी ह्यांच्याच नावांसाठी पन्नास वर्षे मिस्सा सांगितल्या, ह्याचे मग आम्हांला नवल वाटेना.

उटनूरच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आम्ही बाबांच्या खेड्यात पोचलो तेव्हा ऊन कलले होते. दवाखाना कधीच पडून गेला होता. जोत्याचे चार दगड आणि मोहाचे एक मोठे झाड तेवढे उरले होते. पोरेटोरे जमली. कोणीतरी धावत जाऊन एका वृद्धाला घेऊन आले. काठी टेकीत तो आला, 'राम राम' म्हणाला आणि ताईच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिला.

"तुम्ही कंपौंडर बाबूचे लेकरं का जी?" त्याने विचारले.

ताईने मान हलवली. तिचे कपाळ अगदी बाबांसारखे आहे, असे आई नेहमी म्हणते.

वृद्ध झाडाखाली बसला आणि सांगू लागला. पावसाळ्यात ओढे भरले की इथे गाडी यायची नाही. हिवतापाने घरेच्या घरे निजलेली असत. कंपौंडर बाबू कंदील घेऊन कमरेइतक्या पाण्यातून यायचा, गोळ्या द्यायचा, आणि ज्याला गोळीचा गुण येत नसे त्याच्या उशाशी उजाडेपर्यंत बसून राहायचा. "काई बोलत नव्हता जी. नुसता बसून राहाचा," वृद्ध म्हणाला. मग त्याने बाबा कोठे आहेत ते विचारले. बाबा गेल्याचे आम्ही सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "जाताना आमची आठवण होती का बाबूले?"

ह्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणालाच पटकन बोलता येईना. शेवटी धाकटाच बोलला. "बाबा आम्हांला विसरले होते," तो म्हणाला, "तुम्हांला नाही. शेवटपर्यंत कंदील मागत होते. लच्चूच्या पोराकडे जायचे आहे म्हणत होते." एवढे बोलून तो झाडापलीकडे गेला. पाच वर्षांत जो रडला नव्हता, तो तिथे दगडावर बसून लहान मुलासारखा रडला. वृद्ध काठी टेकीत त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या शेजारी नुसता बसून राहिला. हे बसणे तो कोणाकडून शिकला होता, हे आम्हांला सांगावे लागले नाही.

संध्याकाळच्या आत मारलावाई गाठायचे म्हणून आम्ही निघालो. जैनूरजवळचे हे गाव आता कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. 1940 साली जोडेघाट येथे गोंडांचा पुढारी कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्यानंतरच्या वर्षांत व्हिएन्नात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ ह्या डोंगरांत आले, आणि पत्नी बेट्टी हिच्यासह मारलावाईत झोपडी बांधून राहिले. गोंडांना जमिनीचे पट्टे मिळावेत म्हणून त्यांनी खटपट केली. गोंड शिक्षक तयार करण्याची शाळा ह्याच गावी निघाली, आणि मुलांसाठी गोंडी भाषेतील वाचनपुस्तके आपल्या देवनागरी लिपीत छापली गेली. बेट्टीबाई 1987 च्या जानेवारीत हैदराबादेत वारल्या. त्यांचा देह गोंडांनी मारलावाईत आणून आपल्यातील एकीप्रमाणे पुरला. हैमेनडॉर्फ 1995 साली इंग्लंडात वारले; आणि 2012 साली त्यांचा मुलगा वडिलांची रक्षा घेऊन ह्या गावी आला व आईच्या कबरीशेजारी त्याने ती ठेवली. गुसाडी नृत्यासाठी 2021 ची पद्मश्री मिळालेले कनक राजू हेही ह्याच गावचे. 2024 च्या ऑक्टोबरात त्यांचेही निधन झाले.

त्या दोन कबरींपाशी आम्ही उभे राहिलो. वडिलांची रक्षा हाती घेऊन इतक्या दूर आलेल्या त्या मुलाचे मन आम्हांला ठाऊक नाही. त्याची श्रद्धा काय होती हेही सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण बापाने ज्या माणसांवर माया केली त्यांच्यामध्ये बाप शोधावा, हे त्याला जसे सुचले तसे आम्हांलाही सुचले होते. जगात अशी आणखीही मुले असतील. बापाच्या मायेतला आपला वाटा कमी पडला अशी कुरकूर करीत ती निघतात, आणि ती माया आपल्या अंगणापेक्षा किती मोठी होती हे पाहून परततात.

परतीच्या वाटेवर अंधार पडला. दोन्ही बाजूंना सागाचे रान होते. ताईने आपणहून बाल येशूच्या संत तेरेजाची गोष्ट काढली. तेरेजाचे वडील लुई मार्टिन ह्यांची बुद्धी म्हातारपणी भ्रमली. 1889 साली त्यांना केन शहरातील मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवावे लागले आणि तिथे ते तीन वर्षे राहिले. लाडकी लेक लिझ्यूच्या मठात होती. तिला त्यांच्याजवळ जाता येत नव्हते, आणि लोकांच्या जिभा तर सगळीकडे सारख्याच. 29 जुलै 1894 रोजी ते वारले. त्याच लुई मार्टिनना, पत्नी झेलीसह, 18 ऑक्टोबर 2015 रोजी ख्रिस्तसभेने संत म्हणून जाहीर केले. ताई म्हणाली, "शेवटी त्यांना काय आठवत होते, ह्यावर त्यांचे संतपण अडले नाही. देवाला त्यांचे सगळे आठवत होते."

धाकटा अंधारात बाहेर पाहत होता. तो काही बोलला नाही. पण आमच्या मनात तो दिवस एकदम एकत्र आला. नावे ठाऊक नसलेल्यांसाठी लिहिलेली ओळ, झाडाखालचा तो प्रश्न, कबरीजवळची ती रक्षा, सर्वांचा रोख एकच होता. आपण समजतो की माणूस त्याच्या स्मृतीत राहतो. स्मृती गेली की माणूस गेला. मग आपण समजतो की तो आपल्या स्मृतीत राहील. पण आम्हीही उद्या विसरणार, आणि आमची मुले आम्हांला विसरणार. ख्रिस्ती माणसाची आशा ह्या दोन्ही खांबांवर उभी नाही. ती ह्यावर उभी आहे की परमेश्वर विसरत नाही. शेजारी टांगलेल्या चोराने येशूजवळ राज्य मागितले नाही, सुटका मागितली नाही. आपली आठवण ठेवावी एवढेच मागितले. आणि तेवढ्यावर त्याला सर्व मिळाले. बाबांच्या डोक्यातून आमची नावे पुसली गेली, पण ज्या पित्याच्या हाती त्यांनी स्नानसंस्काराच्या वेळी आम्हांला दिले होते, त्याच्याजवळून ती पुसली गेली नव्हती. बाबांचे स्वतःचे नावही तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, 2 नोव्हेंबरला आम्ही आदिलाबादच्या चर्चमध्ये गेलो. 1999 पासून आदिलाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे, आणि इथली उपासना सिरो-मलबार पद्धतीने, तेलुगू भाषेत होते. आम्हांला दहा शब्दही कळत नव्हते. 2025 हे पवित्र ज्युबिली वर्ष होते. 'आशेचे यात्रेकरू' हे त्याचे बोधवाक्य देऊन पोप फ्रान्सिस ह्यांनी 24 डिसेंबर 2024 रोजी पवित्र दरवाजा उघडला होता, आणि ते वर्ष पुरे होण्याआधीच, 21 एप्रिल 2025 रोजी, पास्काच्या दुसऱ्या दिवशी ते स्वतः त्या शेवटच्या यात्रेला निघून गेले. त्या वर्षी आमच्या घरातला पिता गेला तसाच जगभरच्या कॅथलिकांचा पोपपिताही गेला. तरी दरवाजा उघडाच राहिला होता आणि लोक त्यातून आत जात होते.

मिस्सेआधी आम्ही धर्मगुरूंना वही दाखवली. त्यांनी ती उघडली, दोन-तीन पाने उलटली आणि विचारले, "ही नावे आता कोण चालवणार?" ताईने आमच्याकडे पाहिले. तेव्हा धाकट्याने खिशातून पेन काढले, वही गुडघ्यावर घेतली आणि इंद्रवेल्लीच्या ओळीखाली बाबांचे नाव लिहिले. पुढे तारीख लिहिली. आजाराच्या जागी काही लिहिले नाही. मग त्याने वही स्वतःच नेऊन वेदीच्या कडेला ठेवली आणि परत येऊन आमच्या बाकावर बसला.

तो त्या दिवशी ख्रिस्तशरीर घेण्यास उठला नाही. त्याचे आणि देवाचे बोलणे अजून पुरे व्हायचे असावे, आणि आम्ही त्याला घाई केली नाही. पण प्रभूची प्रार्थना सुरू झाली तेव्हा सारी मंडळी तेलुगूत म्हणत असता तो हळू आवाजात मराठीत म्हणू लागला. बाबा शेवटच्या महिन्यांत सर्व विसरले होते. तरी ही प्रार्थना कानी पडली की त्यांचे ओठ हलत, आणि 'बापा' ह्या शब्दापाशी ते थोडे थांबत. त्याच शब्दापाशी धाकटाही थांबला. मग त्याने पुढची प्रार्थना पुरी केली.

आईने दिलेल्या मेणबत्त्या आम्ही चर्चच्या आवारातील क्रुसाखाली लावल्या. पुड्यात बारा होत्या. एकशे आठ नावांना आणि नावे नसलेल्यांना त्या पुरणार नव्हत्या. पण वारा पडलेला होता आणि बाराही एकसारख्या जळत होत्या. घरी परतल्यावर आईने सारी हकीकत ऐकून घेतली. तिने एवढेच विचारले, की वही कोठे आहे. धाकट्याने ती बाबांच्या ट्रंकेत ठेवली नव्हती. आपल्या टेबलावर, पुढच्या नोव्हेंबरात सहज हाती लागेल अशी, ठेवली होती.